प्रश्न तुमचे: दहावीच्या अभ्यासाचं वेळापत्रक

यंदा पत्रांच्या ढिगात दहावीचीच पत्रं जास्त. लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते; म्हणजे डिसेंबरचा हा अंक हातात पडेल तेव्हा अकराएक आठवडे उरलेले असतील. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं दहावीला शिकवणाऱ्या आणि पेपर तपासणाऱ्या शिक्षकांनी दिली आहेत.

प्रश्न: शाळा अकरा ते पाच, मग क्लास. घरी यायला सात वाजतात. बरीच वेळापत्रकं केली, एकही आठवड्याच्या वर टिकलं नाही. रोज किती तास बसू? (विद्यार्थिनी, बार्शी)

वेळापत्रकात बहुधा तास लिहिले असशील, काम नाही. ‘सात ते नऊ विज्ञान’ असं लिहिलं की नऊ वाजता नेमकं काय पदरात पडलं ते सांगता येत नाही. त्याऐवजी असं लिही: ‘धातुविज्ञान: अभिक्रियाशीलता श्रेणी न पाहता लिहिणे, स्वाध्यायातली कारणे द्या.’ झालं की खोडायचं. राहिलं तर राहिलं हेही लगेच दिसतं.

आधी कॅलेंडर घे आणि जे आठवडे तुझ्या हातात नाहीत ते काट. पूर्वपरीक्षेचा एक, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांचा साधारण एक. घरात लग्न असेल तर त्याचेही दिवस आत्ताच काट, नंतर रडत नको. उरतात आठ-नऊ आठवडे, आणि पेपर आहेत नऊ: तीन भाषा, बीजगणित, भूमिती, विज्ञान 1 आणि 2, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल. विज्ञानाच्या दोन्ही भागांत दहा-दहा प्रकरणं, बीजगणितात सहा, भूमितीत सात. ही प्रकरणं मोजून आठवड्यांवर वाट. शेवटचे दोन आठवडे मोकळे ठेव, त्यांत नवीन काहीच वाचायचं नाही.

शाळेच्या दिवशी साडेतीन तास प्रामाणिकपणे झाले तरी पुष्कळ. पहाटे पावणेसहा ते पावणेसात गणित, हातात पेन घेऊन. संध्याकाळी सातला आल्याआल्या बसू नकोस. काहीतरी खा, मग पावणेआठ ते नऊ विज्ञान किंवा समाजशास्त्राचं नवीन प्रकरण. जेवणानंतर सव्वा तास भाषा: एक पत्र, एक बातमी, चार समास. रात्री डोकं जड होतं, तेव्हा नवीन सिद्धांत घेण्यात अर्थ नाही. लिखाण मात्र होतं.

आणि बुधवारची रात्र कोरी सोड. सोमवार-मंगळवारी जे राहिलं ते तिथे जातं. अशी कोरी जागा नसली की एका दिवसाचं राहिलेलं दुसऱ्या दिवसावर चढतं आणि शुक्रवारपर्यंत अख्खं वेळापत्रक भिंतीवर नुसतं चिकटवलेलं उरतं. रविवारी अकरा वाजता एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून. अकराच का? बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो म्हणून.

प्रश्न: क्लासमध्ये बीजगणिताची सगळी उदाहरणं सुटतात, पण सराव परीक्षेत 40 पैकी 19. अजून किती उदाहरणं सोडवू? (विद्यार्थी, इचलकरंजी)

आणखी उदाहरणांच्या आधी ते 21 गुण कुठे गेले ते शोध. उत्तरपत्रिका समोर घे आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे तीनपैकी एक अक्षर लिही: ‘मा’ म्हणजे रीतच माहीत नव्हती, ‘चू’ म्हणजे रीत येत होती पण मध्ये चूक झाली, ‘वे’ म्हणजे वेळच पुरला नाही. ‘मा’ जास्त असतील तर पुस्तकाकडे परत. ‘वे’ जास्त असतील तर घड्याळ लावून सराव. क्लासमध्ये सुटतं आणि पेपरात नाही, अशा मुलांच्या पानावर बहुतेक ‘चू’ निघतात, आणि त्याही दोन-तीन ठरावीक जागी.

पहिली जागा वर्गसमीकरणाचं सूत्र. x² − 7x + 5 = 0 घे. इथे b = −7. मुलं कंस न घालता −7² लिहितात आणि −49 धरतात; मग −49 − 20 = −69, आणि ‘मुळे वास्तव नाहीत’ असं लिहून मोकळी होतात. कंस घातला की (−7)² = 49, 49 − 20 = 29, आणि मुळे (7 ± √29)/2. म्हणून सूत्रात किंमत भरण्याआधी a, b, c चिन्हांसकट वेगळ्या ओळीत लिहायचे आणि ऋण किंमत कंसातच ठेवायची.

दुसरी जागा सांख्यिकीतला मध्यक. सूत्रातला cf हा मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता असतो. घाईत मुलं मध्यक वर्गाचीच घेतात. मग N/2 वजा cf ऋण येतं, आणि तरी कोणी थांबत नाही! मध्यक त्या वर्गाच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी आला की उत्तर चुकलंय, हे दोन सेकंदांत कळतं. मध्यक वर्गाखाली पेन्सिलने रेघ मार आणि cf त्याच्या वरच्या ओळीतून घे.

आता वेळ. पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. पहिला प्रश्न 8 गुणांचा, दुसरा 12, तिसरा 9, चौथा 8, पाचवा 3. पहिल्या दोन प्रश्नांत अर्धा पेपर आहे. तो 45 मिनिटांत संपवायचा. तिसऱ्याला 30, चौथ्याला 25, पाचव्याला 10. तपासायला 10 मिनिटं उरतात. शिवाय गेल्या काही वर्षांपासून बोर्ड शेवटी 10 मिनिटं वाढवून देतं, पण ती हिशोबात धरू नकोस. कृतीच्या प्रश्नांत रिकामी चौकट भरताना नुसतं उत्तर न लिहिता पूर्ण कृती उतरवून घे, नाहीतर कुठली चौकट कुठली हे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागतं.

आठवड्याला दोन पेपर बस झाले. पेपर सोडवायला दोन तास लागले तर तपासायला एक तास ठेव. रोज एक पेपर सोडवून तो तसाच फाइलला लावणारी मुलं तीच चूक पंधरा वेळा घोटतात.

प्रश्न: भूगोल आणि विज्ञान 2 दोनदा वाचून झालं, तरी पुस्तक मिटलं की काही आठवत नाही. (विद्यार्थिनी, चिपळूण)

तिसऱ्यांदा वाचू नकोस. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि तीच फसगत होते; परीक्षेत ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. एक मुद्दा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग. तो पुन्हा चारेक दिवसांनी आणि मग दहा-बारा दिवसांनी.

भूगोलाची अडचण वेगळी. पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना करतं आणि मुलं पेपरात एकाचं दुसऱ्याला लावतात. प्रत्येक प्रकरणाला पान उभं दुमडून दोन रकाने कर. भारत: एक प्रमाणवेळ, 82° 30′ पूर्व. ब्राझील: चार प्रमाणवेळा. भारतात जानेवारीत हिवाळा. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात, म्हणून तिथे उन्हाळा. नकाशे मात्र रोज एक, दहा मिनिटं, सूचीसकट. सूची नसलेल्या नकाशाचे गुण उगाच जातात.

विज्ञान 2 च्या आकृत्या आधी काढ आणि मग धडा वाच. नावं देताना काय माहीत नाही ते उघडं पडतं, आणि वाचताना नजर तिथेच थांबते.

प्रश्न: मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो, आम्ही म्हणतो पहाटे चारला उठ. कोणाचं बरोबर? (पालक, नांदेड)

दोघांचंही नाही, झोप सात तासांच्या खाली जात असेल तर. रात्री जागून पाठ केलेलं अपुऱ्या झोपेने निसटतं. ज्याला रात्री सुचतं त्याला डिसेंबर-जानेवारीत साडेअकरापर्यंत बसू द्या. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात मात्र अवघड विषय अकरा ते दोन या वेळेतच घ्यायला लावा आणि दुपारची झोप बंद करा. एरवी रोज त्या वेळेला झोपणारा मुलगा पेपरातही पेंगतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत. तुमचासुद्धा, जमलं तर.

प्रश्न: दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत काय करायचं? (अनेक पत्रं)

अधिकृत वेळापत्रक आलं की प्रत्येक पेपरापुढे आधी किती दिवस मोकळे आहेत ते लिहा. ज्याच्या आधी शून्य किंवा एक दिवस आहे त्याची उजळणी जानेवारीतच संपवायची. मराठीचा पेपर आधी असतो म्हणून त्याला शेवटचा आठवडा लागतोच असं नाही. आदल्या दिवशी लाल पेनाचे कागद, सूत्रांचं पान आणि आकृत्या. पूर्ण धडा उघडायचा नाही. झालेल्या पेपराची उत्तरं मित्रांशी जुळवत बसलात तर पुढच्या विषयाची संध्याकाळ गेली.

प्रश्न: 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म भरला आहे. दिवसभर दुकानात काम. जेमतेम दोन तास मिळतात. सुरुवात कुठून करू? (वाचक, मालेगाव)

मराठीपासून. कुमारभारतीच्या 80 गुणांत उपयोजित लेखन 24, भाषाभ्यास 16 आणि अपठित उतारा 4. हे 44 गुण धड्या-कवितांवर अवलंबून नाहीत. पत्राचा मायना, बातमीची रचना, समास आणि वाक्प्रचार एवढं महिन्याभरात बसतं. पेपरात या 24 गुणांना पाऊण तासाच्या वर वेळ लागतो. शेवटची वीस मिनिटं ठेवलीत तर निबंध अर्धवट राहील.

गणितात बीजगणित आणि भूमिती मिळून एकच विषय धरतात. म्हणून भूमितीची प्रमेयं जड जात असतील तर बीजगणित पक्कं करा आणि भूमितीतून निर्देशक भूमिती व भौमितिक रचना आधी उचला. दोन्हींत रीत ठरलेली असते.

दोन तास एकसंध नसले तरी चालतील. पहाटे सव्वा तास गणित आणि लेखन, रात्री पाऊण तास इतिहास किंवा भूगोल. दुकानात गिऱ्हाईक नसताना व्याख्या आणि सनावळीच्या चिठ्ठ्या खिशात असू द्या. पुस्तकं विकत घेणं जमत नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळतात. आणि ज्या शाळेमार्फत फॉर्म भरला तिथे याच आठवड्यात जाऊन प्रात्यक्षिक, तोंडी आणि वह्या जमा करायच्या तारखा लिहून आणा. त्या दिवशीची दुकानातली सुट्टी आत्ताच मागून ठेवा.