घरच्या वर्कशॉपसाठी जुना, गंजलेला टेबल सॉ घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 10 इंची पात्याचा एक जुना टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याने लाकूड कापायचं मशीन) बघून आलात. बिडाचं टेबल गंजलंय, मोटर चालू केली की नुसती गुणगुणते, फेन्स (लाकूड टेकवून सरळ पुढे सरकवायची आडपट्टी) गायब आहे, आणि विकणारा म्हणतोय, ‘थोडंसं काम आहे, बाकी मशीन ठणठणीत.’ घ्यावा का, आणि घेतला तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टींनी मी बिचकलो नसतो. गंज निघतो, मोटर दुरुस्त होते, फेन्स वेगळी विकत मिळते किंवा चौकोनी पाइपची करून घेता येते. उलट याच तीन गोष्टींमुळे भाव पडतो. माझा पहिला जुना सॉ मात्र दिसायला देखणा होता. टेबल आरशासारखं, बॉडीला ताजा निळा रंग. घरी आणून पातं 45 अंशांवर तिरकं करायला गेलो तर चाक मध्येच अडकलं. खाली टॉर्च मारून पाहिलं तर मागच्या ट्रनियनला तडा गेलेला, कुणीतरी पितळी झाळ देऊन जोडलेला आणि वरून रंग फासलेला. ट्रनियन म्हणजे मोटर आणि पात्याचा शाफ्ट धरून ठेवणारे, पातं तिरकं करताना फिरणारे टेबलाखालचे बिडाचे भाग. तो भाग मिळणं बंद झालं होतं. शेवटी मशीन मोडीत गेलं, मोटर तेवढी ठेवून घेतली. तेव्हापासून जुन्या मशीनवर ताजा रंग दिसला की मी आधी गुडघ्यावर बसून खाली बघतो.

तुम्हीही तेच करा. ट्रनियन, उंची आणि तिरकेपणाची चाकं, त्यांचे दाते, टेबलाच्या खालच्या फासळ्या, सगळीकडे टॉर्च फिरवा. दोन्ही चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. जड फिरत असतील तर बहुधा वर्षानुवर्षांचा भुसा आणि ग्रीस यांचा दगड झालेला असतो, तो निघतो. एकाच जागी खट्‌कन अडत असतील तर दाता तुटलाय का ते बघा.

मग आर्बर, म्हणजे ज्यावर पातं बसतं तो शाफ्ट. प्लग काढून ठेवा, पट्टा सोडवा आणि आर्बर हाताने फिरवा. चांगलं बेअरिंग असेल तर जवळजवळ आवाज येत नाही. खरखर आली तरी हरकत नाही, बेअरिंग बदलता येतं. आता आर्बर धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर तो बेअरिंगचा आहे की बेअरिंग बसतं त्या जागेचाच, हे विचारात घ्या. ती जागाच झिजली असेल तर लेथवाल्याकडे जावं लागेल. जमलं तर डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक, सोबत न्या आणि पात्याला टेकणाऱ्या चकतीवर, म्हणजे फ्लॅंजवर, काटा टेकवून आर्बर एक फेरा फिरवा. 0.02 ते 0.03 मिलिमीटरपर्यंत डोलत असेल तर उत्तम. फ्लॅंजच्या कडेला 0.05 दिसलं तर पात्याच्या कडेला ते साधारण पाचपट होतं, कारण पात्याची त्रिज्या फ्लॅंजच्या पाचपट असते. म्हणजे पाव मिलिमीटर. काप तेवढा रुंद आणि खडबडीत येणार.

आर्बरचा व्यासही मोजा. 5/8 इंच किंवा 30 मिलिमीटर असेल तर पाती सहज मिळतात. भलताच आकार निघाला तर आयुष्यभर रिंगा शोधत बसाल.

मोटरचं म्हणाल तर, नुसती गुणगुणणारी इंडक्शन मोटर बहुतेक वेळा मेलेली नसते. सुरुवातीचा झटका देणारा कॅपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर आतला सेंट्रिफ्युगल स्विच, म्हणजे मोटरने वेग घेतला की सुरुवातीची जोडणी तोडणारा, अडकलेला असतो. मात्र गुणगुणत ठेवून ‘बघू फिरते का’ करू नका. दोन-तीन सेकंदांत बंद करा, नाहीतर चांगलं वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारांची गुंडाळी, जळेल. माझ्या दुसऱ्या सॉची मोटर उघडली तर स्विचच्या पट्ट्यांमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं! ते खरवडून काढलं, पट्ट्या साफ केल्या, कॅपॅसिटर त्याच क्षमतेचा आणि त्याच व्होल्टेजचा नवा टाकला, आणि मोटर पहिल्या झटक्यात सुटली. जुन्या कॅपॅसिटरच्या टोकांना हात लावण्याआधी तो रेझिस्टर लावून रिकामा करा. प्लग काढला तरी त्यात वीज साठलेली असू शकते. मोटरवरची पाटी वाचायला विसरू नका. ती थ्री-फेज निघाली तर घरच्या सिंगल-फेजवर चालवायला योग्य ड्राइव्ह (सिंगल-फेजची थ्री-फेज वीज करून देणारं उपकरण) लागेल किंवा मोटर बदलावी लागेल, आणि तो खर्च सौद्यात धरायला हवा. स्विच मात्र नवाच टाका. वीज गेली की सुटणारा आणि परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन चालू न करणारा, असा मॅग्नेटिक स्विच मिळतो. लाकूड पात्याला लागलेलं असताना वीज परत येते तेव्हा त्याची किंमत कळते.

गंजाचं काम चिकाटीचं, पण सोपं. आधी दाढीच्या पात्याच्या खरवडणीने वरचे पापुद्रे काढा, मग रॉकेल किंवा पातळ तेल ओतून बारीक घासणीने गोल गोल घासा. ग्राइंडरला सॅंडिंग डिस्क लावून ‘पाच मिनिटांत’ साफ करण्याचा मोह होतो. तसं केलं तर टेबलात खळगे पडतात आणि ते पुन्हा सपाट करणं घरी जमत नाही. माझ्या त्या दुसऱ्या सॉवर आधीच्या मालकाने कुंड्या ठेवल्या होत्या. गंज गेला, पण चार गोल डाग अजून अंधूक दिसतात, काम मात्र बिनबोभाट चालतं. बिडातले बारीक खड्डे आणि डाग कापावर काही परिणाम करत नाहीत. सपाटी मात्र पट्टी आडवी, उभी, तिरकी धरून तपासा. शेवटी पेस्ट वॅक्सचा हात द्या. सिलिकॉन असलेला फवारा नको, तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश धरत नाही. आणि जुन्या मशीनचा रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

खालच्या दात्यांना आणि स्क्रूला ग्रीस लावू नका. भुसा चिकटून पुन्हा तोच दगड होतो. मेण किंवा सुकं वंगण लावा. बेअरिंग बदलायचीच असतील तर त्यांच्या बाजूवर छापलेला नंबर घेऊन दोन्ही बाजूंनी सील असलेली आणा, आणि शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या रिंगेवर दाब द्या. बाहेरच्या रिंगेवर हातोडी मारलेलं नवं बेअरिंग जुन्याइतकंच खरखरतं. आर्बरचा नट सोडवताना पाना, पातं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने वळवा. हे माहीत नसताना मी उलट्या बाजूने जोर लावून बोटांची सालं काढून घेतली होती.

आता ज्या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला ते: पातं टेबलातल्या खाचेला समांतर करणं. माझ्याकडे तेव्हा डायल गेज नव्हतं. माईटर गेजला (त्या खाचेत सरकणारा, लाकूड कोनात धरायचा भाग) एक लाकडी पट्टी बांधली आणि तिच्या टोकात एक पितळी स्क्रू बसवला. प्लग काढून पातं पूर्ण वर केलं, एका दात्यावर मार्करने खूण केली आणि तो दाता पुढे आणून स्क्रू असा आवळला की दाता हलवताना जेमतेम ‘टिक्’ वाजावं. मग पातं हाताने फिरवून तोच दाता मागे नेला, गेजही मागे सरकवलं. तिथे ‘टिक्’च्या जागी ‘खर्रर्र’ ऐकू आलं. म्हणजे पात्याची मागची बाजू स्क्रूच्या बाजूला सरकलेली. दाता तोच घ्यायचा, कारण वेगळा घेतला तर पात्याचा स्वतःचा वाकडेपणा मोजमापात घुसतो. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी, मोजलं तर फरक 0.4 मिलिमीटर. हा 0.1 च्या आत हवा.

माझ्या मशीनमध्ये ट्रनियन टेबलाला लटकलेलं आहे, म्हणून त्याचे तीन बोल्ट सैल करून लाकडी हातोडीने ठोकत आणलं. बंद पेटीसारख्या कॅबिनेट सॉमध्ये उलट टेबलच सैल करून हलवतात. मोजमाप जुळायचं, बोल्ट आवळला की पुन्हा सरकायचं. तीन संध्याकाळी गेल्या. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि शेवटचं मोजमाप सगळे पूर्ण आवळल्यावरच घ्या. त्यानंतर फेन्स याच खाचेला समांतर करा. फेन्सचं मागचं टोक पात्यापासून कागदभर लांब असलं तरी चालेल, जवळ मात्र अजिबात नको. जवळ असलं की लाकूड पात्याच्या मागच्या दात्यांवर दाबलं जातं, कडा जळतात आणि लाकूड उलट फेकलं जातं.

ते फेकणं किती जोराचं असतं? 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे फिरत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी साधारण 190 किलोमीटर असतो. मला एकदा प्लायचा हातभर तुकडा कमरेवर बसला होता, पंधरा दिवस काळंनिळं. म्हणून पात्याच्या मागे रायव्हिंग नाइफ असायलाच हवं: पात्याबरोबर वर-खाली होणारी पोलादी पट्टी, कापलेली फट मिटून पात्याला चिमटा बसू न देणारी. अमेरिकेत नव्या डिझाइनच्या सॉना हे 2008 पासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या बऱ्याच मशीनवर साधा स्प्लिटर (त्याच कामाची, पण पात्याबरोबर वर-खाली न होणारी पट्टी) असतो, तोही लोक काढून फेकतात. तुम्ही बघितलेल्या सॉवर तो बसवायची जागा तरी शाबूत आहे का ते बघा. पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दात्यांच्या रुंदीपेक्षा पातळ हवी. बोट लागताच पातं थांबवणारी, स्टीव्ह गॅस यांनी 1999 मध्ये शोधलेली यंत्रणा जुन्या मशीनवर नंतर बसवता येत नाही, त्यामुळे ती हवीच असेल तर जुन्याचा विचार सोडा.

पातं नवं घ्या. आलेलं पातं कितीही चकचकीत असलं तरी त्याने चाचणी करू नका, नाहीतर दोष मशीनचा की पात्याचा हे कळणार नाही. लांब चिरण्यासाठी 24 दात्यांचं, सगळ्या कामाला 40 चं, आणि पात्यावर छापलेले कमाल फेरे तुमच्या आर्बरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत.

तेव्हा आता पुन्हा बघायला जाल तेव्हा टॉर्च, सरळ पोलादी पट्टी, फिलर गेज आणि पाना घेऊन जा. ट्रनियन शाबूत, आर्बर सरळ आणि रायव्हिंग नाइफ किंवा स्प्लिटर बसवायची जागा असेल तर घ्या, आणि भाव ठरवताना मोटर बंदच आहे असं धरा. ट्रनियनचा फोटो टाकलात तर मीही बघून सांगतो.