हॉप्सच्या वेलीचा आडोसा करता येईल का?

म्युनिकजवळच्या आपल्या घरामागे, बसायच्या जागेला शेजारच्या बाजूने आडोसा म्हणून हॉप्सची (जिचे तुरे बिअरच्या कडवट चवीसाठी वापरतात ती) वेल लावावी का, असे आपण विचारले आहे. अवश्य लावावी, मात्र हा आडोसा साधारण जूनपासून सप्टेंबर अखेरपर्यंतचाच असतो, हे आधीच धरून चालावे. पुढे थंडी पडली की वेल जमिनीपर्यंत वाळते, मुळे तेवढी जिवंत राहतात आणि वसंतात नवे कोंब फुटतात. बारा महिने नजर अडवायची असेल, तर ही वेल त्या कामाची नाही.

जागा ठरवण्याआधी कायदा पाहावा. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातील शेजारहक्काच्या तरतुदीत झाडे, झुडपे आणि झुडपी कुंपणांबरोबर हॉप्सचाही नावानिशी उल्लेख आहे: दोन मीटरपेक्षा उंच वेल हद्दीपासून दोन मीटर आत, त्याहून कमी उंचीची अर्धा मीटर आत असावी, अशी मागणी शेजारी करू शकतो. भरीव भिंत किंवा दाट कुंपण मध्ये असल्यास थोडी सवलत मिळते.

हालरटाऊ या बव्हेरियातील हॉप्स-लागवडीच्या प्रदेशात शेतांमध्ये हॉप्ससाठी सुमारे सात मीटर उंचीचे खांब आणि तारा असतात. घरी एवढी उंची लागत नाही. मी अडीच मीटरवर आडवी तार ओढून तिच्यावरून काथ्याच्या दोऱ्या खाली सोडल्या आहेत. खांब मात्र भक्कम हवेत, कारण पावसात भिजलेल्या पानांचा भार वाऱ्याबरोबर एकदम जाणवतो. हॉप्सला द्राक्षासारखे तणावे नसतात; खोडावरच्या आकड्यांसारख्या खरखरीत केसांनी ती आधार धरते आणि वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोरीभोवती फिरते. पहिल्या वर्षी मी घाईघाईत कोंब उलटे गुंडाळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर सगळे सुटून खाली लोंबत होते. तेच खरखरीत केस हातांवर ओरखडे उठवतात, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालूनच काम करावे.

खरी डोकेदुखी जमिनीखाली असते. मुनवे, म्हणजे जमिनीखालची आडवी खोडे, दूरवर पसरतात आणि दोन-तीन वर्षांत हिरवळीतून भलतीकडेच कोंब वर येतात. मी दर मार्चमध्ये भोवती कुदळ चालवून ते तोडतो. त्या वेळचे कोवळे कोंब लसूण-मिरचीवर परतले की छान लागतात. इथे त्यांना हॉप्सचे शतावर म्हणतात आणि बाजारात ते बरेच महाग मिळतात.

रोप घेताना मादी वेलीचे कलम मागावे, कारण फिकट हिरवे, कागदी पाकळ्यांचे तुरे मादीलाच येतात. नर वेल जवळ असल्यास तुऱ्यांत बी धरते, म्हणून आसपासच्या हॉप्स-शेतकऱ्यांना ती नकोच असते. ऊन भरपूर आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. कोरड्या उन्हाळ्यात पानांमागे लाल कोळी ही बारीक कीड होते, तेव्हा खालची पाने काढून टाकावीत.

घरात कुत्रा असल्यास गळलेले तुरे रोज झाडून घ्यावेत. ते पोटात गेल्यास त्याच्या शरीराचे तापमान जिवावर बेतेल इतके वाढू शकते.