वाचकांचे प्रश्न : परफॉर्मन्स टायर आणि नागपूरचे ऊन

प्रश्न : महोदय, गेल्या दिवाळीत मी माझ्या सेडान गाडीचे २०५/५५ आर १६ मापाचे (रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) टायर काढून २२५/४५ आर १७ मापाचे समर परफॉर्मन्स, म्हणजे उष्ण हवामानात जास्त पकड देणारे, टायर बसवले. रोजचा प्रवास बेसा ते बुटीबोरी असून अधूनमधून समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला जाणे होते. एप्रिल लागल्यापासून पंपावर हवा भरणारा मुलगा ‘ऊन फार आहे, तीन-चार पॉइंट कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ असे बजावतो. त्याचे ऐकावे काय? आणि हे टायर आपल्याकडच्या ४५ अंशांत टिकतील काय? (एक वाचक, बेसा)

उत्तर : त्याचे ऐकू नये. हा समज विदर्भात इतका रुजलेला आहे की अनुभवी चालकही दर उन्हाळ्यात नेमाने हवा सोडतात, आणि ज्या संकटाला ते भितात तेच ओढवून घेतात. टायर फुटण्याइतका तापतो तो प्रामुख्याने उन्हाने नव्हे, तर हवा कमी असल्यामुळे त्याची बाजू प्रत्येक फेरीला गरजेपेक्षा जास्त दबते आणि सुटते, त्या सततच्या घडीमोडीने. शिवमडक्याहून समृद्धीवर चढून तासन्‌तास १२०च्या वेगाने गेल्यावर ही उष्णता साठत जाते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग टायर जातो. एरवी या वेगाचे आपल्या टायरांना काही वाटू नये. मापानंतर ‘व्ही’ हे अक्षर असेल तर ते ताशी २४० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी आणि ‘डब्ल्यू’ असेल तर २७०पर्यंतच्या वेगासाठी प्रमाणित असतात, मात्र हवा योग्य असेल तरच.

उन्हात दाब वाढतो हे खरे आहे. सकाळी २५ अंशांत ३३ पीएसआय (पंपावरच्या भाषेत ३३ पॉइंट) भरलेली हवा ४५ अंशांत ३६च्या घरात जाते आणि गाडी धावल्यावर आणखी चढते. परंतु ही वाढ गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा दाब ठरवलेला असतो. दुपारी बुटीबोरीहून परतताना तापलेल्या टायरमधून ३३ उरेपर्यंत हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात जेमतेम २८ सापडेल. म्हणून दाब सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, स्वतःच्या गेजने पाहावा. पंपावरच्या यंत्रांच्या आकड्यांत बरेचदा फरक असतो. नायट्रोजन भरला तरी हा नियम बदलत नाही, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरावा, इतकेच.

आपण माप बदलले असल्यामुळे आणखी एक गोष्ट तपासावी. दोन्ही मापांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, सुमारे ६३२ व ६३४ मिलिमीटर, असल्याने स्पीडोमीटरची चिंता नाही. परंतु दाराच्या चौकटीवरील दाबाचा तक्ता मूळ मापासाठी आहे. भारांक म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा, मापानंतर छापलेला आकडा; भारांक ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये, आणि त्यावर ‘एक्सएल’ (जादा भार पेलणारा टायर) असे छापलेले असल्यास योग्य दाब विक्रेत्याकडून टायर कंपनीच्या तक्त्यावरून काढून घ्यावा.

टिकण्याबाबत मात्र अपेक्षा माफक ठेवावी. पकड देणारे मऊ रबर लवकर झिजते, तापलेल्या डांबरावर आणि खरखरीत काँक्रीटवर तर अधिकच. बाजूवर छापलेला ट्रेडवेअरचा आकडा (जितका मोठा, तितकी झीज सावकाश) या प्रकारात बहुधा ३००च्या आसपास असतो, तर रोजच्या वापराच्या साध्या टूरिंग टायरवर तो ४००च्या पुढे आढळतो. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवत असल्याने दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये. माझ्या मते रोज बुटीबोरी करणाऱ्याला हा महागडा शौक आहे, पण ब्रेक लावताना मिळणारी पकडही खरी आहे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर पुढचे-मागचे टायर एकाच बाजूला अदलाबदल करावेत.

थंडीत हे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊन पकड सोडू लागते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला होता, पण अशा पहाटा विरळाच. त्या दिवशी सुरुवातीचे काही किलोमीटर सबुरीने चालवले की पुरे.

प्रश्न : माझ्या गाडीलाही असेच रुंद टायर आहेत. पावसाळ्यात ते घसरतात का? (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : नक्षी खोल असेपर्यंत ओल्या रस्त्यावर हे टायर साध्या टायरांपेक्षा सहसा सरसच ठरतात. मात्र रुंद टायर झिजला की साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. मी ३ मिलिमीटर उरताच, तेही जून लागण्यापूर्वी, टायर बदलण्याचा सल्ला देईन.

प्रश्न : सिमेंटचा रस्ता संपून गट्टू सुरू होतात तिथल्या उंचवट्यावर गाडी जोरात आपटली. आता पुढच्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आहे. पंक्चरवाले म्हणतात, मागे टाका, चालेल. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : चालणार नाही, मागेही नाही. फुगा आला याचा अर्थ आतील धागे तुटले असून हवा आता केवळ रबराने अडवून धरली आहे. त्याला पॅच लागत नाही. आजच स्टेपनी चढवावी आणि रिम वाकली आहे का तेही पाहून घ्यावे, कारण बुटक्या बाजूच्या टायरमध्ये धक्का थेट रिमपर्यंत पोहोचतो. बाजूवर हात फिरवताना आत दबलेली एखादी उभी रेघ लागली तर मात्र घाबरू नये. ती आतील थरांच्या जोडाची असते. नवा टायर घेताना त्याच चाकजोडीवरील दुसऱ्या टायरशी माप व नक्षी जुळवावी, दुसरा बराच झिजला असेल तर दोन्ही बदलावेत, आणि बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा : १८२५ म्हणजे २०२५ सालच्या १८व्या आठवड्यात तयार झालेला टायर.