मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर आणि कीलेस एंट्रीचं किट घरी बसवता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे : ऑल्टो 800 चं बेस मॉडेल, मॅन्युअल गिअर, सेंट्रल लॉकिंग नाही. रिमोट स्टार्टर (दुरून बटण दाबून इंजिन सुरू करणं) आणि कीलेस एंट्री (रिमोटने दारं लॉक-अनलॉक करणं) एकत्र मिळणारं किट आणलं तर घरी बसवता येईल का, आणि बसवावं का?

कीलेस एंट्री जरूर बसवा. मल्टीमीटर आणि सोल्डरिंग नीट वापरता येत असेल तर घरी होणारं काम आहे. रिमोट स्टार्टर मात्र या गाडीला बसवू नका. एका डब्यात मिळतात म्हणून दोन्ही कामं सारखी नाहीत.

आधी स्टार्टरचं बघू. मॅन्युअल गाडी उभी करताना, विशेषतः उतारावर, आपण ती गिअरमध्ये ठेवतो. किल्लीने सुरू करताना पाय क्लचवर असतो, रिमोटने सुरू करताना गाडीत कोणीच नसतं. गिअरमध्ये असलेली गाडी नुसत्या सेल्फच्या जोरावर पुढे सरकते, आणि तेवढ्यात इंजिनने पकडलं तर समोरची भिंत किंवा माणूस येईपर्यंत ती थांबत नाही. चांगल्या किटमध्ये यावर उपाय असतो. इंजिन चालू असताना हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढायची, बाहेर येऊन दार लावायचं, मग किट स्वतः इंजिन बंद करतं. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री होते, आणि नंतर एकही दार उघडलं तर रिमोट स्टार्ट रद्द होतो. स्वस्त किट फक्त हँडब्रेकच्या स्विचची वायर वाचतात. तो स्विच दांडा थोडा वर आहे एवढंच सांगतो, केबल ताणलेली आहे की सैल हे त्याला कळत नाही. एएमटी गाड्यांमध्येही (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर आपोआप चालणारा) सहसा ‘पी’ म्हणजे पार्किंगचा गिअर नसतो, त्या गिअरमध्येच उभ्या केल्या जातात. त्यामुळे त्यांनाही मी नाहीच म्हणतो.

दुसरी अडचण चोरीची. तुमच्या गाडीच्या किल्लीच्या डोक्यात ट्रान्सपाँडर चिप (किल्लीची ओळख सांगणारी चिप) असते आणि बॅरलभोवतीची, म्हणजे किल्ली घालायच्या कुलपाभोवतीची कॉइल ती वाचते. ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही. रिमोटने सुरू करायचं तर चिप कायम तिथे हवी, म्हणून बसवणारे दुसऱ्या किल्लीची चिप कॉइलला चिकटवून टाकतात. मग इमोबिलायझर, म्हणजे चिपशिवाय इंजिन रोखणारी ही यंत्रणा, नावापुरताच उरतो. नीट बायपासमध्ये (ही तपासणी ओलांडायच्या जोडणीत) ती चिप वेगळ्या कॉइलमध्ये असते आणि रिमोटने सुरू करण्यापुरतीच रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) जोडली जाते. किटसोबत पुश बटण असेल तर स्टिअरिंग लॉकचा प्रश्न येतो. ते लॉक किल्लीनेच सुटतं, म्हणून किल्ली बॅरलमध्ये ठेवून द्यायला सांगतात किंवा लॉकची पिनच काढून टाकतात. दोन्ही गोष्टींना ठाम नकार द्या.

शिवाय कायदा. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर गाडी लावून वरून बटण दाबणं बेकायदा आहे. बंद गॅरेजमध्ये हाच प्रकार कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतो. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी प्रकारची, ‘पी’ असलेली ऑटोमॅटिक गाडी असेल आणि जागा स्वतःची, उघडी असेल, तर बसवा. पण न्यूट्रल स्विच, ब्रेक पेडल आणि बॉनेटचा पिन स्विच या तिन्ही वायरी प्रत्यक्ष जोडून घ्या. बॉनेटचा स्विच हमखास सोडून दिला जातो, आणि मेकॅनिकचा हात बेल्टजवळ असताना गाडी सुरू होऊ नये यासाठीच तो असतो.

आता कीलेस एंट्री. चार अ‍ॅक्च्युएटर (दाराचं लॉक हलवणाऱ्या छोट्या मोटरी) लागतात : ड्रायव्हरच्या दारासाठी पाच वायरींचा, बाकी तिघांसाठी दोन वायरींचे. पाच वायरींच्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये आत स्विच असतो, त्यामुळे रिमोटचा सेल संपला तरी दाराला किल्ली लावून चारही दारं उघडतात. तिथे दोन वायरींचा बसवून पैसे वाचवू नका. याखेरीज कंट्रोल युनिट, रिमोटचा रिसीव्हर, होल्डरसह 15 अँपिअरचा फ्यूज, मुख्य पुरवठ्यासाठी किमान 1.5 चौरस मिमीची वायर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर जोडावर आवळली जाणारी नळी) आणि रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने वायर कापू नये म्हणून बसवायची कडी) घ्या. रिमोट घेताना ‘रोलिंग कोड’, म्हणजे दर वेळी बदलणारा कोड, आहे का ते विचारा. फिक्स्ड कोडचा सिग्नल कुणी हवेतून टिपला तर तो जसाच्या तसा पुन्हा पाठवून गाडी उघडता येते.

बॅटरीची निगेटिव्ह काढूनच काम सुरू करा. गाडीत एअरबॅग असेल तर तिच्या पिवळ्या कपलरला (वायरींच्या जोडणीला) आणि वायरींना हात लावू नका, बल्बवाला टेस्टर तिथे टेकवू नका.

काच फिरवायच्या हँडलमागे सी आकाराची क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या (दाराच्या आतल्या आवरणाच्या) फटीत कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकांनी पुढे-मागे ओढली की ती निघते. पॅड काढल्यावर आत चिकटवलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो सावकाश सोडवा आणि काम झाल्यावर पूर्ण चिकटवा. काचेवरून दारात उतरणारं पाणी हा कागदच अडवतो आणि खालच्या भोकांकडे जाऊ देतो. फाटला की पावसाळ्यात पायाखालचा गालिचा भिजतो आणि लोक गळती छतात शोधत बसतात.

अ‍ॅक्च्युएटरची जागा काच पूर्ण खाली घेऊन ठरवा, नाहीतर काच त्यावर आपटते. त्याची दांडी लॉकच्या दांडीच्या चालीला समांतर हवी. तिरकी बसली की मोटर जोर लावते, पण लॉक अर्ध्यावर अडकतं. क्लॅम्प घट्ट करण्याआधी दोन्ही टोकांपर्यंत चाल पूर्ण होते का बघा. मग वीज न जोडता लॉकची खुंटी हाताने वर-खाली करा. बॅटरी मेली तर आतल्या माणसाला हाच मार्ग उरतो, म्हणून ती सहज फिरलीच पाहिजे.

दारातून वायर आत नेण्यासाठी बिजागरीकडच्या खांबावर आधीच रबरी बूच आहे का ते पाहा. भोक पाडावंच लागलं तर कडांना गंजरोधक रंग लावा, ग्रोमेट बसवा आणि दाराकडचं भोक खांबाच्या भोकापेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून गाडीत शिरणार नाही. दार पूर्ण उघडून वायर ताणली जात नाही ना, आणि लावताना चिमटत नाही ना, हे बघा.

रिसीव्हरच्या रिलेला लॉक आणि अनलॉकसाठी तीन-तीन वायरी असतात. अशा किटमध्ये सहसा कंट्रोल युनिटला निगेटिव्ह ट्रिगर, म्हणजे वायर अर्थला जोडली गेल्यावर मिळणारा इशारा, लागतो. तेव्हा कॉमन (सामाईक) वायरी बॉडी अर्थला म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला, नॉर्मली ओपन (एरवी कॉमनपासून सुटलेल्या) वायरी युनिटच्या लॉक-अनलॉकला, आणि नॉर्मली क्लोज्ड (एरवी कॉमनला जोडलेली) टोकं वेगवेगळी टेप करून ठेवायची. रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. किटचा नकाशा आणि मल्टीमीटर हेच खरं. पल्सची वेळ (एका वेळी मोटरीला किती वेळ वीज मिळते ती) निवडायचा जंपर, म्हणजे छोटा जोडतुकडा, असेल तर तो 0.5 सेकंदावर ठेवा. 3.5 सेकंद ही हवेच्या दाबावर चालणाऱ्या लॉकसाठी असते, तुमच्या मोटरी त्यात तापून जळतील.

इंडिकेटरच्या दोन वायरींपैकी एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकत्र जोडल्या तर वळताना चारही दिवे लुकलुकतात. अँटेनाची वायर 433.92 मेगाहर्ट्झला साधारण 17 सेंटीमीटरची असते. ती कापू नका, गुंडाळू नका, लोखंडाला चिकटवू नका. रेंज कमी असल्याच्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच असतं.

इग्निशन चालू होताच दारं आपोआप लॉक होण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. कंपनीच्या सेंट्रल लॉकिंगमध्ये बऱ्याच गाड्यांत अपघातानंतर दारं आपोआप उघडायची व्यवस्था असते. बाहेरून बसवलेल्या अशा किटला धडकेचा सिग्नल मिळत नाही आणि बाहेरच्या माणसांना तुम्हाला काढता येत नाही.

सगळं जोडून झालं की स्टँडबाय करंट, म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून जाणारा करंट, मोजा. दारं बंद करून, मल्टीमीटर 10 अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये सिरीजमध्ये लावा आणि अर्धा तास थांबा, कारण लगेच घेतलेलं रीडिंग जास्त येतं. 50 मिलिअँपिअरच्या आत हवं. 100 आलं तर 35 अँपिअर-अवरची बॅटरी हिशेबाने चौदा-पंधरा दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ फिरणं त्याच्या बरंच आधी बंद होतं. तेव्हा रिसीव्हरचा फ्यूज काढून पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर दोष किटमध्ये आहे, नाही आला तर गाडीतच आधीपासून कुठेतरी गळती आहे.