हाडांच्या कामासाठी इकडे यायचं म्हणतेस तर

बीडीएस झालंय, राजारामपुरीत दातांचा दवाखाना आहे, मुलगा तीन वर्षांचा आहे आणि आता इंग्लंडात येऊन फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजीत, म्हणजे सापडलेल्या हाडांवरून माणसाची ओळख पटवायच्या शास्त्रात, एमएससी करायचं मनात आहे, असं लिहिलंस. हे काम नेमकं काय असतं, नोकरी लागते का, मुलाच्या शाळेचं कसं करायचं आणि एकटं पडायला होतं का, हे तुझे प्रश्न. चार ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण कोल्हापूरची पोरगी हाडांबद्दल विचारतेय म्हटल्यावर राहवेना.

व्हिसा, फी, बँकेत किती पैसे दाखवायचे हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलतं, तिथंच बघ. एक मात्र सांगते, कारण एजंट लोक ते पैसे भरून झाल्यावर सांगतात. जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला येणाऱ्यांना नवरा-मुलं सोबत आणता येत नाहीत. संशोधनाच्या पदवीची गोष्ट वेगळी. म्हणजे ते वर्ष तुझं मुलाशिवाय. घरात आधी हे बोलून घे, कॉलेज कुठलं ते नंतर.

आता काम. यावर मी जरा जास्तच बोलेन.

शेतात, रानात, बांधकामावर हाड दिसलं की पोलीस आधी फोटो पाठवतात. माणसाचं की जनावराचं? बहुतेक वेळा मेंढी, डुक्कर नाहीतर हरीण असतं आणि विषय तिथंच संपतो. माणसाचं निघालं, तर मात्र कुणी घाई करायची नाही, मग साहेब कितीही मोठा असो. आधी रांगेनं चालत सगळा परिसर बघायचा, कारण कोल्ह्या-कुत्र्यांनी हाडं लांबवर ओढून नेलेली असतात. मग पाला, गवत काढून मातीचा रंग वाचायचा. एकदा खणून बुजवलेला खड्डा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. वरची काळी आणि खालची पिवळी माती एकमेकांत मिसळते, भुसभुशीत राहते आणि कित्येक वर्षांनीही त्याची कड वेगळी दिसते. ती कड सापडली की तिच्या आतलीच माती काढत खाली जायचं. खड्ड्याच्या भिंतीवर खणणाऱ्याच्या फावड्याची खूण राहिलेली असू शकते, आपल्या हातून पुसली गेली की गेली. हाडाजवळ आलं की थापी बाजूला ठेवायची आणि बांबूची काडी, ब्रश घ्यायचा, कारण लोखंडाचा ओरखडा उद्या कोर्टात चाकूचा वार म्हणून पुढे येऊ शकतो. हाड दिसलं म्हणून उचलायचं नाही. सगळा सांगाडा जागच्या जागी उघडा करायचा, फोटो, मोजमाप, नकाशा, आणि मगच एकेक वेचायचं.

निघालेली सगळी माती चाळणीतून जाते. एका हातात २७ हाडं असतात, त्यातली मनगटाची सहज खड्यांत खपून जातात. लहान मुलांच्या हाडांची न जुळलेली टोकं तर नवख्याला ओळखूच येत नाहीत. पुढचे एका मुळाचे दात हिरडी गेली की आपोआप गळतात, हे तुला मी सांगायला नको. गळ्यातलं हायॉइड नावाचं छोटं हाडही त्या मातीतच असतं, आणि गळा दाबला असेल तर कधीकधी त्याची खूण तेवढ्यावरच राहिलेली असते.

उतावीळपणे खणलं की काय होतं, ते पंजाबातल्या अजनाळ्यात झालं. १८५७ च्या शिपायांचे सांगाडे तिथल्या एका विहिरीत होते. २०१४ मध्ये गावकऱ्यांनी भावनेच्या भरात ते स्वतःच उपसले. भावना समजते गं, पण कुठली कवटी कुठल्या धडाची, हे कायमचं हुकलं. पुढे संशोधकांनी त्यातल्या दातांवरून डीएनए आणि आयसोटोप तपासले; आयसोटोप म्हणजे खाण्यापाण्यातून दातात उतरलेली मूलद्रव्यांची रूपं, त्यांवरून माणूस कुठं वाढला ते कळतं. हे लोक पंजाबातले नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातले, असा निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आला. दात वाचवतो, हे तुझ्या बाजूनं आहे.

प्रयोगशाळेत हाडं धुऊन, वाळवून, टेबलावर क्रमानं मांडायची. एक माणूस आहे की दोन? दोन डाव्या मांड्या निघाल्या तर प्रश्नच मिटला. बाई की पुरुष, ते श्रोणीवरून, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्यावरून, बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं, कवटीवरून जरा कमी. वयात मात्र खरी परीक्षा. श्रोणीच्या पुढच्या बाजूला दोन जघनास्थी जिथं एकमेकांना भेटतात, ती प्युबिक सिम्फिसिस हातात घेऊन तिरक्या उजेडात धरायची. विशीतल्या माणसात त्यावर नांगरलेल्या रानासारख्या सऱ्या असतात. वय वाढतं तशा त्या बुजत जातात, मग कड उभी राहते, आणि म्हातारपणी तीही झिजते. गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक जुळायला विशीचा उत्तरार्ध उजाडतो, म्हणून तरुण माणसात त्याचा आधार मोठा. चाळिशीनंतर मात्र ‘पस्तीस ते साठच्या मधलं’ असं लिहावं लागतं. पोलिसांना ते आवडत नाही. नेमका आकडा लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं मत आहे.

मार लागला तो जिवंतपणी, मरताना की नंतर, हेही बघायचं असतं. ओलं हाड वाकून तुटतं, तुटलेल्या कडेचा रंग बाकी हाडासारखाच राहतो. मातीत वाळलेलं हाड नंतर कुदळीनं तुटलं तर कड पांढरी, खडबडीत दिसते. भरून येण्याची खूण असेल तर माणूस त्यातून वाचला होता.

आता जे खुपतं ते सांगते. ही मापं कुणाच्या हाडांवरून बसवली? सिम्फिसिसच्या टप्प्यांची प्रचलित पद्धत लॉस एंजेलिसच्या शवागारातल्या माणसांवरून. मांडीच्या हाडावरून उंची काढायची ट्रॉटर आणि ग्लेसर या संशोधकांची १९५२ ची सूत्रं बरीचशी दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांवरून. त्या सूत्रात कागल तालुक्यातल्या ऊसतोडीच्या बाईची मांडी घालून बघ. आणि इथं आल्यावर शिकायला जो सांगाडा हातात येईल, तो बहुधा आपल्याकडचाच असेल. भारतानं १९८५ मध्ये मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोवर कोलकात्याहून जगभरच्या वैद्यकीय कॉलेजांना सांगाडे जायचे. जबड्याला स्प्रिंग, कवटी कापून वर आकडे, हाडं लहानखुरी. नाव, गाव, वय, काही नाही. मी पहिल्यांदा ती पेटी उघडली तेव्हा शेजारची मुलगी फास्यांचे नंबर लावत होती, आणि मला त्या माणसाला ‘तुम्ही कुठले?’ असं विचारावंसं वाटत होतं.

आपल्यात जाळतात, म्हणून अभ्यासाला हाडं नाहीत, असं लोक म्हणतात. लिंगायत पुरतात, मुसलमान पुरतात, ख्रिस्ती पुरतात. नदीत, उसात, घाटात बेवारस सापडणारे वेगळेच, ते सरकारी रुग्णालयाच्या न्यायवैद्यक विभागात येतात आणि तिथले डॉक्टर बाकीच्या शंभर कामांतून त्यांचा अहवाल देतात. आपल्या माणसांची मापं बसवायला तिथं कुणीतरी ठाण मांडून बसायला हवं होतं. ती मी असू शकले असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकताना इनामगावच्या प्राचीन वस्तीतली, कुंभात पुरलेली बाळं बघितली होती, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली, तेव्हा हेच काम करायचं ठरलं होतं. पुढे लग्न झालं, नवऱ्याची नोकरी इथं, मीही आले. याचा पश्चात्ताप होतो का? काही दिवशी होतो. परत येईन का? नाही वाटत. यापलीकडे मला स्वतःला उत्तर मिळालेलं नाही, तर तुला काय देऊ.

नोकरीचं थोडक्यात. फक्त या कामावर पगार घेणारी माणसं ब्रिटनभरात मोजकी. बाकीची शिकवतात, नाहीतर माझ्यासारखी पुरातत्त्वाच्या कंपनीत असतात. रस्ता, रेल्वे जाणार असेल तिथली जुनी दफनभूमी आम्ही परवाना घेऊन खणतो आणि हाडं तपासतो. लंडनच्या यूस्टनजवळ अशाच खोदकामात २०१९ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स सापडला, ऑस्ट्रेलियाला जहाजानं वळसा घालणारा. शवपेटीवरच्या शिशाच्या पत्र्यावर नाव होतं म्हणून. पोलिसांचं काम अधूनमधून येतं, आणि त्यासाठीच्या चौकशीत काही वर्षांचं इथलं वास्तव्य बघतात. आल्या आल्या कुणी बोलावणार नाही.

कागदांचं सांगते, कारण त्या आठवणीनं अजून डोकं फिरतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पदवीवर तेच. लग्नानंतर पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनावही त्यांचं. इथल्या एका कार्यालयानं गुणपत्रिकेवरचा पहिला शब्द तेच माझं नाव धरलं आणि सगळीकडे मी माहेरच्या आडनावानं हाक ऐकू लागले. प्रतिज्ञापत्र पाठवलं, तर त्यातलं स्पेलिंग तिसरंच. दिवसभर मेलेल्यांची ओळख पटवायची आणि संध्याकाळी मीच ती हे पटवत फोनवर ताटकळायचं. तू लग्नानंतर नाव बदललं असशील तर गॅझेट आत्ताच करून घे.

शाळा. मुलगी चार वर्षांची असताना आलो. जवळच्या शाळेत जागा नाही, दोन बस बदलून लांबच्या शाळेत. कोल्हापुरात आज्जीबरोबर पाढे म्हणणारी पोरगी, इंग्रजी येत नाही म्हणून गणितातही सगळ्यांत खालच्या टेबलावर बसवली. मी जाऊन भांडले, तर बाईंनी गोड हसून सांगितलं, घरी इंग्रजी बोलत जा. आम्ही बोलायला लागलो. आता तिचं गणित उत्तम आहे आणि आज्जीशी व्हिडिओ कॉलवर ‘हो’, ‘बरं’, ‘जेवले’ एवढंच. त्या बाई अजून डोळ्यांपुढे येतात. पहिल्या कायमच्या दाढेचा मुकुट जन्मापासून साधारण तीन वर्षांत तयार होतो, हे तू जाणतेस. त्या इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, स्ट्राँशियम हे मूलद्रव्य लहानपणी ज्या मातीतलं खाल्लं-प्यायलं तिथलं. तिच्या पहिल्या दाढेत दख्खनचा काळा पाषाण आहे, अक्कलदाढेत इथला. तुझ्या मुलाची पहिली दाढही आता कोल्हापूरची झाली, ती कुठं जात नाही. भाषेचं तसं नाही. त्याला आणशील तेव्हा घरात मराठीच ठेव, शाळा काही म्हणो.

एकटेपणा असतो. सवय होते. बाबा गेले तेव्हा रक्षाविसर्जनाला पोचता आलं नाही. भावानं पंचगंगेच्या स्मशानातून व्हिडिओ लावला. शेणींच्या राखेतून तो एकेक अस्थी वेचत होता आणि मी मनात म्हणत होते, हे मांडीच्या हाडाचं डोकं, हा कण्याचा मणका, पांढरं म्हणजे पूर्ण जळलंय. रडायला नंतर आलं. भावाला हे मी कधी सांगितलं नाही.

तुझं लिहिणं वाचून हेवा वाटला, कारण तू अजून ठरवलेलं नाहीस. माझा सल्ला मागतेस तर अर्ज करायच्या आधी काही महिने कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या न्यायवैद्यक विभागात जाऊन भेट, दात बघायला बसू देता का विचार. दंतवैद्य आलाय म्हटल्यावर नाही म्हणणार नाहीत बहुधा. वास सहन होतो का, अहवाल लिहायचा कंटाळा येतो का, ते तिथंच कळेल. पुण्याला डेक्कन कॉलेजातही एक फेरी मार. आणि तुझ्या लिहिण्यात नवऱ्याचा कुठं उल्लेख नाही. त्यांचं काय म्हणणं आहे ते कळव, मग कोर्सची नावं सुचवते.