सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत रात्री फ्लॅशशिवाय फोटो, रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून हाताने फोकस करायचा कॅमेरा) आणि एफ १.४ म्हणजे खूप उजेड आत घेणाऱ्या लेन्सवर जमतं का?

जमतं, आणि मस्त जमतं. मी लायका एम१० या रेंजफाइंडरवर ५० एमएम एफ १.४ लावून यात्रेच्या होम मैदानावर असंच शूट करतो. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ठेवा, शटर १/६० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका. आत आरसा नसल्याने कॅमेरा हलत नाही, १/३० लाही हात स्थिर राहतो, पण माणसं हलतात ना.

खरी मारामारी फोकसची. १.४ ला एक मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटर शार्प येतं, म्हणजे डोळा शार्प आणि कान गेला. अंधारात व्ह्यूफाइंडरमधला मधला पॅच, म्हणजे जिथे दोन प्रतिमा जुळवायच्या तो चौकोन, नीट दिसत नाही, तेव्हा उभी कड शोधायची, कारण त्या प्रतिमा आडव्या सरकून जुळतात आणि उभ्या रेषेवर ते लगेच कळतं. मिरवणुकीतल्या उंच नंदीध्वजाची काठी यासाठी एकदम बेस्ट, नाहीतर भक्तांच्या अंगातल्या पांढऱ्या बाराबंदीची कड. पितळी भांडी नकोत, चमकेत पॅच हरवतो.

गर्दी अंगावर आली की फोकस दोन मीटरवर लॉक करा, एफ २.८ घ्या, आयएसओ १२८०० पर्यंत वाढवा आणि स्वतःच पुढे-मागे व्हा. बल्बच्या माळा फ्रेममध्ये असल्या की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, चेहरे काळे पडतात, एक्स्पोजर मॅन्युअलच ठेवा. फोटोत थोडा ग्रेन (दाणेदारपणा) आला तर येऊ द्या, फ्लॅशने तो पिवळा उजेडच मरतो.