उसना मायव्हेक मॅप आणि ३८०० आरपीएमवरचा नॉक

प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच सांगाल. गाडी २००६ची इव्हो ९ (मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन), टर्बो कंपनीचाच. तीन इंची एक्झॉस्ट, मोठा इंटेक आणि थ्री-पोर्ट बूस्ट सोलेनॉइड (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, आवरणारा व्हॉल्व्ह) बसवलाय. तुम्ही कॅलिफोर्नियात, टाकीत ९१ ऑक्टेनचं पेट्रोल. वरच्या टप्प्यात गाडी छान ओढायची, पण ३००० ते ४००० मध्ये मरगळलेली वाटायची, म्हणून कुणाचा तरी मायव्हेकचा (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) मॅप, म्हणजे आकड्यांचा तक्ता, उचलून आपल्या रॉममध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे ईसीयूच्या, प्रोग्राममध्ये) डकवलात. आता खालून जोर आला, पण ३८००च्या आसपास नॉक सम (मिश्रण भलत्या वेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांचा, म्हणजे नॉकचा, ईसीयूने मोजलेला आकडा) ७-८ दिसतोय. टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेऊ की बूस्ट कमी करू, असं विचारताय.

आत्ता दोन्ही नको. जुना मॅप परत टाका आणि पहिल्यापासून सुरुवात करा. का, ते सांगतो.

४जी६३च्या (इव्होच्या इंजिनाच्या) या शेवटच्या अवतारात मायव्हेक फक्त इंटेक कॅमवर (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) आहे. एक्झॉस्ट कॅम जागच्या जागी. ऑइलच्या दाबाने इंटेक कॅम पुढे सरकतो, म्हणजे व्हॉल्व्ह लवकर उघडतात आणि लवकर मिटतात. बहुतेकांचं लक्ष उघडण्याकडे असतं, पण मिटणंही तितकंच महत्त्वाचं. कमी आरपीएमला पिस्टन वर येऊ लागला तरी इंटेक व्हॉल्व्ह उघडाच असेल, तर आत घेतलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. व्हॉल्व्ह लवकर मिटला की ती हवा कोंडली जाते आणि टॉर्क वाढतो.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅपची. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात. त्या क्षणी इंटेकमधला दाब एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधल्या दाबापेक्षा जास्त असेल, तर ताजी हवा आत शिरून जळका गॅस झाडून काढते आणि टर्बोही लवकर जागा होतो. पण ५५००-६०००च्या पुढे पारडं फिरतं. टर्बाइन लहान, गॅस भरपूर. मॅनिफोल्डमध्ये दाब तुंबतो आणि बूस्टच्या वर जातो. मग तोच ओव्हरलॅप उलटा वाहू लागतो, म्हणजे तापलेला जळका गॅस सिलिंडरमध्ये परत येतो. म्हणून चांगला मायव्हेक मॅप मधल्या टप्प्यात उंच असतो आणि रेडलाइनकडे जाताना शून्याकडे उतरतो. ही उतरण नेमकी कुठे सुरू व्हावी, ते तुमच्या एक्झॉस्टवर, टर्बोवर आणि बूस्टवर ठरतं. दुसऱ्याच्या गाडीची उतरण तुमच्या कामाची नाही.

आता नॉककडे येऊ. कॅम पुढे गेल्याने सिलिंडरमध्ये हवा जास्त भरली. एअरफ्लो सेन्सरला ती दिसली, लोडचा आकडा (दर फेरीला किती हवा भरली त्याचा) वाढला आणि ईसीयू इग्निशन मॅपच्या अशा खान्यांत गेला, जिथे आजवर तुमच्या गाडीने पाऊलच ठेवलं नव्हतं. तिथले आकडे कुणी तपासलेले नाहीत. म्हणजे तुमचा नॉक बहुधा कॅम आपलं काम नीट करतोय याची खूण आहे. त्याला घाबरून बूस्ट कमी केलात, तर जे कमावलं तेच परत देऊन बसाल. टायमिंग मागे घ्यावं लागेलच, पण ते सगळ्यात शेवटी.

लॅपटॉप उघडण्याआधी बॉनेट उघडा. मायव्हेक ऑइलवर चालतो, त्यामुळे जुनं ऑइल किंवा ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची तुंबलेली बारीक जाळी असेल, तर मागितलेला कोन एक आणि मिळालेला कोन भलताच. लॉगमध्ये हे दोन्ही घ्या आणि एकावर एक ठेवून बघा. टायमिंग बेल्टच्या खुणाही जुळवून घ्या. माझ्या गाडीचा बेल्ट एका गॅरेजात बदलला तेव्हा इंटेकचा एक दात इकडचा तिकडे झाला होता. मी तीन आठवडे मॅपमध्ये आकडे खालीवर करत बसलो. रोग रेड्याला, औषध पखालीला!

ते झालं की मुख्य काम. त्याला डायनो (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणारं यंत्र) लागतो, आणि लोड देणारा असेल तर फारच उत्तम. बूस्ट एका पातळीवर बांधून ठेवा, १८ पीएसआय म्हणा, आणि इग्निशन सुरक्षित बाजूला दोन-तीन अंश मागे. मग लोडच्या सगळ्या खान्यांत मायव्हेक ० ठेवून चौथ्या गिअरमध्ये एक ओढ (पूर्ण थ्रॉटल देऊन खालपासून वरपर्यंत). नंतर सगळीकडे १०, मग २०. तिन्ही टॉर्क कर्व्ह एकावर एक टाका. प्रत्येक ५०० आरपीएमला जो कर्व्ह सगळ्यात वर, त्याचा कोन तुमचा. ज्या ठिकाणी १० आणि २० सारखेच निघतात तिथे मी कमी कोन घेतो. ओव्हरलॅप फुकट कशाला वाढवायचा? मग खाने एकमेकांत नीट मिसळा. एका खान्यात २२ आणि शेजारी ८ असं ठेवलंत तर कॅम तितक्या चपळाईने हलत नाही, आणि रस्त्यावर गाडी मधेच अडखळते. दुसऱ्या गिअरमध्ये लॉग घेऊ नका. आरपीएम इतके भराभर चढतात की टर्बो आणि कॅम दोन्ही मागे राहतात आणि लॉग भलतंच सांगतो.

बूस्ट बांधून ठेवा हे पुन्हा सांगतो, कारण इथेच जास्त लोक फसतात. कॅम पुढे गेला की टर्बो लवकर फिरतो, त्यामुळे वेस्टगेटच्या (जादा गॅस टर्बोला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) जुन्या ड्यूटीवर (सोलेनॉइडला दिलेल्या टक्केवारीवर) बूस्ट उसळी मारतो. मग टॉर्क कॅममुळे वाढला की त्या उसळीमुळे, काही कळत नाही. ३५०० ते ४०००ची ती उसळी कनेक्टिंग रॉडनाही मानवत नाही. मॅप बदलल्यावर तिथली ड्यूटी थोडी उतरवा.

त्यानंतर इंधन. कंपनीचा मॅप भर लोडवर फार रिच (पेट्रोल जास्त) असतो. पंपाच्या पेट्रोलवर मी ११.२च्या (एका भाग पेट्रोलला ११.२ भाग हवा) आसपास थांबतो. अजून लीन (पेट्रोल कमी) करून मिळणारी चार घोड्यांची ताकद मला नको. जाता जाता, पुण्यातल्या माझ्या मित्राकडे ऑक्टाव्हिया आरएस आहे, तो हे वाचेल म्हणून: तुझं इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं आहे. ओव्हरलॅपमध्ये नुसती हवा एक्झॉस्टमध्ये निसटते, त्यामुळे वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) लीन दाखवतो तेव्हाही सिलिंडरमधलं मिश्रण तितकं लीन नसतं. इव्होत इंधन पोर्टमध्ये पडतं, हवेबरोबर तेही निसटतं. माझे आकडे उचलू नकोस.

आणि सगळ्यात शेवटी इग्निशन. एकेक अंश पुढे न्या, टॉर्क वाढायचा थांबला की थांबा, नॉकची वाट बघू नका. नॉक समच्या साधारण तीन आकड्यांना ईसीयू एक अंश टायमिंग काढून घेतो, म्हणजे तुमच्या ७-८ला दोनेक अंश आधीच गेलेत. प्रकार चालू राहिला तर ईसीयू त्याच्या आठवणीतला ऑक्टेनचा आकडा उतरवतो आणि कमी ऑक्टेनच्या मॅपकडे झुकतो. मग गाडी रोज थोडी वेगळी वागते आणि आपण चक्रावतो. १-२चा नॉक कधीमधी गिअर बदलताना दिसला तर मी झोप उडवून घेत नाही.

आयडलला ० ठेवा, क्रूझला कंपनीचेच आकडे ठीक आहेत.

पेट्रोलचं एक राहिलं. भारतात वाचणाऱ्यांसाठी: तिकडच्या पंपावरचा ऑक्टेनचा आकडा रॉनमध्ये असतो, अमेरिकेतलं ९१ हे रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी. अमेरिकेतलं ९१ म्हणजे साधारण ९५-९६ रॉन, त्यामुळे आकडे थेट ताडून बघू नका. आणि तुम्ही ज्याचा मॅप घेतलात तो ९३वर चालवतो की ई८५वर (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर), हे विचारलंत का? ई८५वर नॉकची भीती इतकी कमी असते की ते लोक कॅम आणि टायमिंग दोन्ही बिनधास्त पुढे नेतात.

मी न्यू जर्सीत आहे. इथे स्वतः पेट्रोल भरता येत नाही, कायद्यानेच बंदी आहे. एकदा पंपावरच्या पोराला ९३ सांगून मी फोनवर बोलत बसलो. घरी येताना चढावर नॉक सम थेट ११. बाजूला थांबून पावती काढली, तर तिच्यावर ८७. उरलेला रस्ता बूस्ट न येऊ देता, म्हातारबाबासारखी चालवत आणली. तेव्हा तुमचा पुढचा लॉग टाकाल त्याबरोबर शेवटच्या दोन टाक्या कुठल्या पंपावरच्या, तेही लिहा.